"साईटवर काहीही झालं तर जबाबदारी ठेकेदाराची" असं स्टॅम्पवर लिहून दिलं तर बिल्डर खरंच सुटतो का?

कृष्णाकाठचा_ठेकेदार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कराडच्या आसपास बंगले, शाळेच्या खोल्या, दुकानगाळे अशी कामं घेतो, वडिलांपासूनचा धंदा आहे. आता पहिल्यांदाच एका डेव्हलपरचं पार्किंग अधिक चार मजले असं काम मिळतंय, मजुरी आणि मटेरियल दोन्ही माझ्याकडे. माणसं रोज वीस-पंचवीस तरी लागतील. गवंडी आमच्या इथलेच, सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणारी, टोळी विजापूरकडची आहे आणि त्यांचा मुकादम त्यांना पैसे देतो, मी मुकादमाला चौरस फुटावर देतो, आणि बिगारी बिहारचे आहेत ते पत्र्याच्या खोल्या टाकून साईटवरच राहणार.

आता मुद्दा असा की डेव्हलपर म्हणतो पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दे की "कामगारांस कोणताही अपघात झाल्यास अथवा जीवितहानी झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी ठेकेदाराची राहील, मालकाचा काहीही संबंध राहणार नाही". आमच्याकडे हिशोब बघणारा माणूस म्हणतो बिनधास्त दे, आणि तूही तसंच मुकादमाकडून लिहून घे, आणि प्रत्येक मजुराचा अंगठा घे की मी माझ्या जबाबदारीवर काम करतोय. म्हणजे साखळीत सगळ्यांनी खालच्याकडून लिहून घेतलं की झालं.

मला हे पटत नाहीये. समजा उद्या विजापूरचा एखादा पोरगा तिसऱ्या मजल्यावरून पडला तर कायद्याने कोण बघणार त्याच्या घरच्यांकडं? डेव्हलपर, मी का मुकादम? आणि काम सुरू करायच्या आधी मी नक्की काय काय करायला पाहिजे? डेव्हलपर असंही म्हणाला की नगरपालिकेत कामगार सेस भरलाय त्यातच सगळं येतं. हे खरं का? जाणकारांनी सांगा, काम पुढच्या महिन्यात चालू होतंय.

---

कोर्टाची_पायरी

मी पुण्यात कामगारांच्या केसेस लढवते, जास्त करून बांधकामावरच्याच. तुम्ही काम सुरू व्हायच्या आधी विचारताय हे फार बरं झालं, कारण माझ्याकडे लोक येतात ते पंचनामा झाल्यावर.

सगळ्यात आधी त्या अंगठ्याच्या कागदाचं सांगते. मजुराने आपला भरपाईचा हक्क सोडून दिला असा कुठलाही करार 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 17 ने रद्दबातल ठरवलेला आहे. म्हणजे अंगठा घेतला काय आणि सही घेतली काय, कोर्टात त्याला शून्य किंमत. उलट असा कागद फाईलमध्ये सापडला तर समोरच्याचा वकील तोच दाखवून म्हणतो की बघा, धोका आहे हे यांना आधीपासून माहीत होतं.

आता डेव्हलपरचा कागद. तो तुमच्या-त्याच्यात चालतो, मजुराविरुद्ध चालत नाही. याच 1923 च्या कायद्याचं कलम 12 स्पष्ट होतं की जो माणूस आपल्या धंद्याचंच काम दुसऱ्याला ठेक्याने देतो, तो त्या ठेकेदाराच्या मजुराला भरपाई द्यायला स्वतः जबाबदार असतो, जणू तो मजूर त्याने थेट ठेवलाय. डेव्हलपरचा धंदाच इमारती बांधून विकायचा, त्यामुळे तो सुटत नाही. मजूर किंवा त्याची बायको तुमच्यावर दावा करू शकते किंवा थेट डेव्हलपरवर करू शकते, तिला निवड आहे. डेव्हलपरने भरले तर मग तो तुमच्याकडून वसूल करू शकतो, तुमच्या स्टॅम्पचा उपयोग तेवढाच. आणि हेच कलम एक पायरी खाली लावा. सेंट्रिंग हा तुमच्या धंद्याचाच भाग आहे, म्हणून विजापूरच्या टोळीतल्या माणसासाठी तुम्हीही तसेच जबाबदार, मुकादम पैसे देत असला तरी. मुकादमाकडे ना जमीन ना बँकेत रक्कम, तो दुसऱ्या दिवशी फोन बंद करून गावाला जातो, आणि हे ओळखूनच कायद्याने वरच्याला धरलंय.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रम संहिता लागू झाल्यात. 1923 चा भरपाई कायदा आणि 1996 चा बांधकाम कामगार कायदा, दोन्ही आता त्या संहितांमध्ये गेलेत, पण ठेका देणाऱ्याची जबाबदारी आणि भरपाईच्या हिशोबाची रीत तशीच पुढे आलीये. राज्यात अजून सगळे जुन्याच नावांनी बोलतात, त्यामुळे मीही तशीच बोलते, नाहीतर गोंधळ होईल.

हिशोब सांगते, कारण लोकांना आकडा कळल्याशिवाय गांभीर्य कळत नाही. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीच्या 50 टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला एक गुणक. मजुरी कितीही असली तरी हिशोबाला जास्तीत जास्त 15,000 धरतात, ही मर्यादा 3 जानेवारी 2020 पासून आहे, त्याआधी 8,000 होती. तुमचा सेंट्रिंगवाला दिवसाला 700 जरी घेत असला तरी महिना 15,000 च्या वर जातो, म्हणजे पूर्ण मर्यादा लागणार. वय 30 असेल तर गुणक 207.98, म्हणजे 7,500 गुणिले 207.98, झाले 15,59,850 रुपये. आणि तो वाचला पण कायमचा पूर्ण निकामी झाला तर 50 च्या जागी 60 टक्के, म्हणजे 18,71,820. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च यात धरलेला नाही, तो वेगळा द्यावा लागतो.

"पूर्ण निकामी" म्हणजे अंथरुणाला खिळलेलाच असं नाही हं. सिनेमागृहात सजावटीचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला, तेव्हा 1975 साली सुप्रीम कोर्टाने त्याला 100 टक्के अपंगत्व धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. त्याच निकालात असंही म्हटलं की रक्कम अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, कोर्टाच्या निकालापासून नाही. महिन्याभरात भरली नाही तर 12 टक्के व्याज आणि वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. म्हणजे चार-पाच वर्षं केस लांबवण्यात मालकाचा काहीच फायदा नसतो.

सेसचं उत्तर थोडक्यात. सेस म्हणजे विमा नाही. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का रक्कम बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जाते, जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. मंडळ त्यातून नोंदणी केलेल्या कामगारांना योजना देतं. तुमची भरपाईची जबाबदारी त्याने एक रुपयानेही कमी होत नाही.

---

नाशिकरोड_सिव्हिल

ताईंनी कायद्याचं सगळं सांगितलंच, मी आपल्या धंद्याच्या बाजूने सांगतो. दादा, पहिलं काम म्हणजे वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसी, आमच्याकडे सगळे डब्ल्यूसी म्हणतात. काम सुरू व्हायच्या आधी, खोदाईच्याही आधी काढायची. आणि ती काढताना एजंट विचारतो माणसं किती, तेव्हा प्रीमियम वाचवायला दहा लिहू नका, पंचवीस असतील तर पंचवीस लिहा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सब-कॉन्ट्रॅक्टरची माणसं धरलीत का ते पॉलिसीत लिहून घ्या, कारण बरेच जण फक्त स्वतःच्या हजेरीवरच्या माणसांची काढतात आणि पडतो नेमका सेंट्रिंगवाला किंवा प्लंबरचा हेल्पर. दवाखान्याच्या खर्चाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, ते आपोआप येत नाही. कुठल्या कामासाठी, किती उंचीपर्यंत, कुठल्या पत्त्यावर हे पण नीट बघा. इमारतीच्या नुकसानीची सीएआर पॉलिसी वेगळी आणि मजुराची वेगळी, बँकेच्या कागदात पहिली असते म्हणून लोक समजतात दुसरी पण झाली.

ताई म्हणाल्या तो 50 टक्के दंड, तो विमा कंपनी देत नाही, खिशातून जातो. आणि कंपनीला अपघात लगेच कळवला नाही तर ती तेवढ्यावरच अडून बसते.

दुसरं, तुमचा भाग ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असलेल्यात येतो का बघा. 1 ऑगस्ट 2015 पासून बांधकाम साईटवरचे कामगार पण त्यात आलेत, 21,000 पर्यंत मजुरी असलेले. मालकाचा हिस्सा 3.25 टक्के, कामगाराचा 0.75. नोंद असेल तर अपघातात ईएसआयच बघतं, दवाखाना आणि मृत्यू झाला तर घरच्यांना पेन्शनसारखी महिन्याची रक्कम, मग भरपाईचा वेगळा दावा नाही. लोक याला कटकट म्हणतात पण मला तर ही सगळ्यात शांत झोप देणारी गोष्ट वाटते.

तिसरं, हजेरी. मुकादमाच्या डायरीवर विश्वास ठेवू नका, स्वतः रोज सकाळी नाव, वय, गाव, काम लिहा आणि आधारची झेरॉक्स ठेवा (झेरॉक्स, मूळ कार्ड नाही). आमच्या ओळखीच्या एका साईटवर एक पोरगा गेला तेव्हा त्याचं खरं आडनाव काय हे कुणालाच माहीत नव्हतं, सगळे त्याला छोटू म्हणायचे, त्याच्या घरी फोन करायला अख्खी रात्र गेली. हजेरी नसेल तर कोर्टात मजुरी किती होती यावरच वर्ष जातं.

आणि डेव्हलपर सहीच मागतोय तर तुम्ही पण एक ओळ टाकून घ्या: विमा, सुरक्षा जाळ्या, बेल्ट, मजुरांच्या खोल्या आणि संडास याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा धरलेला आहे. चौरस फुटाच्या रेटमध्ये घातलं की सगळ्यात आधी तेच कापलं जातं, हे तुम्हालाही माहितीये.

---

कृष्णाकाठचा_ठेकेदार

ताई, दादा, खूप आभार. आकडा बघून घरात सगळे गप्प झाले.

एक विचारतो. मी हेल्मेट आणून देतो, बेल्ट आणून देतो, पण पोरं घालतच नाहीत. उकडतं म्हणतात, बेल्ट लावला की हात चालत नाही म्हणतात, दुपारी काही जण पिऊन पण येतात. मग त्याने बेल्ट लावला नाही म्हणून पडला तर चूक त्याची नाही का? तरी पण मीच?

---

कोर्टाची_पायरी

हा बचाव प्रत्येक केसमध्ये येतो म्हणून नीट सांगते. कायद्यात तरतूद आहे की दारूच्या अमलाखाली असताना किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडल्यामुळे इजा झाली तर मालक जबाबदार नाही. पण त्याच वाक्यात लिहिलंय की मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हा बचाव चालणार नाही. म्हणजे बोट चेंगरलं, पाय मोडला आणि जुळून आला अशा वेळी तुम्ही हे म्हणू शकता, तिसऱ्या मजल्यावरून पडून गेला तेव्हा नाही. आणि बोटाच्या वेळीही सिद्ध करायची जबाबदारी तुमची, की नियम होता, त्याला सांगितला होता, साधन दिलं होतं आणि त्याने जाणूनबुजून टाळलं.

1996 च्या कायद्याच्या कलम 44 मध्ये मालकावर सततची आणि पुरेशी देखरेख ठेवायची जबाबदारी टाकलेली होती. हेल्मेटचा गठ्ठा स्टोअरमध्ये आणून ठेवला एवढ्याने देखरेख होत नाही. पिऊन आलेला माणूस वर चढलाच कसा, हा प्रश्न कोर्ट तुम्हाला विचारतं.

भरपाई झाली दिवाणी बाजू, फौजदारी वेगळी. निष्काळजीपणाने मृत्यू, भारतीय न्याय संहितेचं कलम 106, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या 304-अ मध्ये दोनच वर्षं होती. शिवाय नव्या सुरक्षा संहितेत मालकाने कर्तव्य न पाळल्याने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातली निम्मी तरी रक्कम वारसांना द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. जुन्या कायद्यात सुरक्षेचा नियम मोडला तर तीन महिने आणि दोन हजार रुपये होते. दोन हजारात कुणाला काय वाटणार? हा बदल मला मनापासून पटलाय.

---

सेफ्टी_पनवेल

मी सेफ्टीमध्ये आहे, मोठ्या साईट्सवर. ताईंच्या उत्तराला जोडून बोलतो कारण "पोरं घालत नाहीत" हे मी रोज ऐकतो.

बेल्ट घालत नाहीत याचं नव्वद टक्के कारण असं असतं की बेल्ट अडकवायला जागाच नसते. कमरेचा पट्टा देऊन वर पाठवलं तर तो हुक कशाला लावणार, बांबूला? आधी स्लॅबच्या कॉलमच्या सळ्यांना धरून वायर रोप ओढा, लाईफलाईन, मग बेल्ट द्या, तोही पूर्ण अंगाचा, खांदे-मांड्यांचा. कमरेच्या पट्ट्यावर लटकलेल्या माणसाच्या पोटाला आणि मणक्याला मार बसतो. आणि बेल्टपर्यंत जायचंच कशाला? पडायची जागाच बंद करा की. स्लॅबच्या चारही कडांना पाईपचं रेलिंग, लिफ्टच्या डक्टला आणि जिन्याच्या उघड्या बाजूला फळ्या, प्लंबिंगच्या डक्टवर सळ्यांची जाळी ठोकलेली, ठेवलेली नव्हे, ठोकलेली. चार मजल्याच्या इमारतीत लिफ्टचा डक्ट हा सगळ्यात वाईट, संध्याकाळी लाईट गेली की माणूस पाय टाकतो आणि जातो.

परांचीचं बोलायचं तर बांबू सुंभाने बांधायचे दिवस गेले, पण तालुक्याच्या गावात अजून तेच चालतं. फळी एकच टाकतात, तीही बांधत नाहीत, गवंडी एका टोकाला गेला की दुसरं उचललं जातं. परांची इमारतीला जागोजागी बांधलेली पाहिजे, दोन फळ्या जोडून, पाठीमागे आडवा पाईप. आणि पावसानंतर सकाळी कुणीतरी जबाबदार माणसाने चढायच्या आधी तपासायची. ते तपासलेलं वहीत लिहायचं, तारीख, सही. ही वही कोर्टात कामाला येते हे खरं, पण ती लिहायची म्हणून माणूस खरंच एक फेरी मारतो, तो मला जास्त मोठा फायदा वाटतो.

सेंट्रिंगचा तर वेगळाच विषय. 29 जुलै 2016 ला बालेवाडीत वरच्या मजल्यावरचा स्लॅब भरताना कोसळला आणि नऊ मजूर गेले. 3 फेब्रुवारी 2022 ला येरवड्यात शास्त्रीनगरला सळ्यांची जाळी कोसळली, पाच जण गेले, रात्रीचं काम चालू होतं. टेके कशावर उभे आहेत, आडवे बांधलेत का, जाळी उभी असताना तिला आधार काय, हे इंजिनिअरने बघितल्याशिवाय काँक्रीटची गाडी आत घ्यायची नाही. मुकादम म्हणतो साहेब नेहमीचंच आहे. त्याच्यावर सोडू नका.

कराडला काळी माती, फुटिंगचा (पायाचा) खड्डा छातीपेक्षा खोल गेला की बाजू तिरक्या कापा किंवा आधार द्या, आणि उकरलेली माती कडेला लावू नका. माती कोसळली तर माणूस मिनिटात गुदमरतो, डोकं वर असलं तरी छातीवरच्या वजनाने. विजेसाठी 30 मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, तात्पुरत्या मीटरलाच बसवा, ओल्या स्लॅबवर व्हायब्रेटरची कातडी सुटलेली केबल ही फार जुनी वैरीण आहे. आणि प्लॉटवरून किंवा शेजारून 11 केव्हीची लाईन जात असेल तर आजच महावितरणला अर्ज द्या. बारा मीटरची सळी वर चढवताना ती तारेला लागते, किंवा लागायच्या आधीच झटका बसतो, आणि एका वेळी दोन-तीन माणसं धरलेली असतात.

10 सप्टेंबर 2023 ला ठाण्यात बाळकुमला मजूर गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग संपवून खाली येत होते, कामाची लिफ्ट कोसळली, सात जण गेले. त्यातल्या कुणी काय घालायला पाहिजे होतं सांगा. हेल्मेटने वाचणारे अपघात वेगळे आणि न वाचणारे वेगळे.

---

मुकादमाची_लेक

मी जरा वेगळ्या बाजूने. माझे वडील बिगारी म्हणून आले आणि पुढे मुकादम झाले, मी साईटवरच वाढले, आता बांधकाम मजुरांच्या मुलांच्या शाळेत शिकवते.

सगळे पडल्यावर काय यावर बोलताय, माझं म्हणणं राहायच्या जागेवर आहे. दादांनी लिहिलंय बिहारचे बिगारी पत्र्याच्या खोल्यांत राहणार. 29 जून 2019 ची रात्र आठवा, पुण्यात कोंढव्याला सोसायटीची कंपाउंड वॉल मजुरांच्या झोपड्यांवर पडली, पंधरा माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. तीनच दिवसांनी आंबेगावला तसंच, सहा गेले. ही माणसं कामावर नव्हती, झोपलेली होती. कायद्यात मजुरांना राहायला जागा देणं हे मालकाचं काम आहे, फुकट, आणि त्यात स्वयंपाकाची, अंघोळीची, संडासाची वेगळी सोय पाहिजे. संरक्षक भिंतीच्या बुडाशी, खोदलेल्या खड्ड्याच्या कडेला, नाल्यालगत खोल्या टाकायच्या नाहीत एवढं तरी पहिल्या दिवशी ठरवा. आणि पावसाळ्यात जागा बदलावी लागली तर बदला.

पिण्याचं पाणी संडास-मोरीपासून सहा मीटरच्या आत ठेवायचं नाही असा नियम 1996 च्या कायद्यातच होता. साईटवर काय असतं? कॉलमवर मारायच्या पाण्याच्या टाकीतलंच पितात. बायकांसाठी वेगळा संडास नसतो म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे कुणी केस करत नाही म्हणून कुणाला दिसत नाही.

स्लॅबच्या दिवशी सकाळी सातला सुरू होऊन रात्री दहाला संपतं, त्याचे जेवण आणि शंभर रुपये वर देतात. कायद्याने आठ तासांच्या वरच्या वेळेला दुप्पट दर आहे. जो रोजचा सातशे घेतो त्याचा हिशोब तुम्हीच करा.

नोंदणीचं पण सांगते. 18 ते 60 वय आणि मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम, एवढं असलं की मंडळात नोंद होते. त्यासाठी 90 दिवसांचं प्रमाणपत्र लागतं आणि ते ठेकेदाराने द्यायचं असतं. ठेकेदार सही द्यायला घाबरतात, वाटतं उद्या हा कायमचा कामगार म्हणून दावा करेल. म्हणून लोक ग्रामसेवकाकडे हेलपाटे घालतात, एजंटला पैसे देतात, आणि बरेच जण जे कधी साईटवर आलेच नाहीत ते मंडळाकडून मिळणारी पेटी आणि भांडी घेऊन जातात. तुम्ही तुमच्या प्रत्येक माणसाला ती सही दिलीत तर त्याच्या पोराची शिष्यवृत्ती त्याला मिळते, आणि कामावर असताना मृत्यू आला तर मंडळाकडून पाच लाख त्याच्या घरच्यांना मिळतात, तुमच्या भरपाईच्या वर. परराज्यातल्या माणसालाही हे लागू आहे.

आणखी एक. मुकादम टोळीला उचल देतो आणि आधार कार्ड काढून ठेवतो, काम पूर्ण होईपर्यंत कुणी जायचं नाही. 1976 पासून वेठबिगारीविरोधी कायदा आहे आणि उचलीच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवणं त्यात येतं. तुमच्या साईटवर असं चाललं असेल तर मुकादमाला पहिल्याच आठवड्यात सांगा.

---

घर_बांधतोय

मध्येच विचारतो, माफ करा. मी साताऱ्यात स्वतःचं घर बांधतोय, डेव्हलपर वगैरे नाही, एका मिस्त्रीला अंगावर काम दिलंय, सहा-सात माणसं असतात. मलाही हे सगळं लागू होतं का?

---

कोर्टाची_पायरी

तुमचं थोडं वेगळं आहे. घर बांधणं हा तुमचा धंदा नाही, त्यामुळे कलम 12 मधला "ठेका देणारा" तुम्ही सहसा होत नाही, जबाबदारी त्या मिस्त्रीची. बांधकाम कामगार कायदाही दहापेक्षा कमी माणसं असतील तर लागत नाही, आणि स्वतःच्या राहत्या घराला खर्चाची सूट आहे, पूर्वी दहा लाखांपर्यंत होती, नव्या संहितेत पन्नास लाखांपर्यंत. पण तुम्हीच थेट रोजंदारीवर माणसं लावली, तुम्हीच सांगताय कुठे चढायचं, तर चित्र बदलतं. आणि निष्काळजीपणाचा फौजदारी कायदा सगळ्यांना सारखाच, घरावरून विजेची तार जात असेल आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही तर तो प्रश्न तुम्हाला विचारला जाणार. सहा-सात माणसांची डब्ल्यूसी पॉलिसी मिस्त्रीच्या नावाने काढा आणि प्रीमियम तुम्ही भरा. घराच्या टाईल्सवर जेवढा विचार करताय त्याच्या पाव भाग यावर करा, एवढंच सांगेन.

---

कृष्णाकाठचा_ठेकेदार

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून डेव्हलपरला वाचायला दिलं. स्टॅम्पचं तो अजून सोडत नाहीये पण विमा आणि जाळ्यांचा खर्च वेगळा धरायला तयार झालाय. खोल्या मागच्या भिंतीला लागून टाकणार होतो त्या आता रस्त्याच्या बाजूला घेतोय, तिथं पाण्याची लाईन पण जवळ आहे. मजुरांचे अंगठे घेणार नाही.

शेवटचं, देव न करो पण झालंच काही तर पहिल्या दिवशी काय करायचं? आमच्याकडे लोक म्हणतात घरच्यांना लाख-दोन लाख रोख द्यायचे, लिहून घ्यायचं आणि मिटवायचं.

---

कोर्टाची_पायरी

मृत्यूच्या केसमध्ये घरच्यांच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. रक्कम नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी म्हणजे कामगार न्यायालयात, आणि ते वारसांत वाटप करतात. याचं कारण मी डोळ्यांनी बघितलंय, रोख रक्कम दीर घेऊन जातो आणि बायको-पोरांना काही मिळत नाही. तुम्ही दोन लाख देऊन लिहून घेतलंत तरी तिचा दावा जिवंत राहतो, तिला दोन वर्षांची मुदत असते, आणि ती तिच्या गावाकडच्या कोर्टातही लावू शकते. मग तुम्ही कराडहून तारखेला बिहारला जाणार.

तातडीची मदत जरूर करा. गाडी, दवाखाना, गावाकडं न्यायचा खर्च, अंत्यविधीचे पैसे, हे माणूस म्हणून करायचंच आहे, फक्त ती भरपाई समजू नका आणि त्यावर सही मागू नका.

क्रम असा ठेवा. आधी दवाखाना, कुठलाही असो जवळचा, पैशाची वाट बघायची नाही. काम थांबवा आणि ती जागा जशी आहे तशी राहू द्या, रेलिंग नंतर लावून फोटो काढणारे लोक असतात, ते पुरावा नष्ट करण्यात जातं. पोलिसांना तुम्हीच कळवा. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा, फोनवर भागवू नका. कामगार अधिकाऱ्यांना लेखी कळवा, मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर आयुक्तांकडे सात दिवसांत रिपोर्ट जायला पाहिजे, आणि 48 तासांपेक्षा जास्त काम बुडवणारी साधी इजा असली तरी कळवायची असते. घरच्यांना फोन तुम्ही स्वतः करा, मुकादमावर टाकू नका. हजेरीची वही आणि त्या महिन्याचं पगारपत्रक दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे आहे ते आत्ताच ठरवून ठेवा, त्याची एक प्रत घरी ठेवा, कारण साईटवरचं ऑफिस पोलीस सील करू शकतात.

आस्थापनेची, म्हणजे तुमच्या साईटची, नोंदणी काम सुरू झाल्यापासून 60 दिवसांत करायची असते, पण तुम्ही पहिल्याच आठवड्यात करून टाका. आणि प्रत्येक मजुराला नियुक्तीचं पत्र द्यायचं आहे, हे नव्या संहितेने आणलंय. साधं एका पानाचं चालेल: नाव, काम, रोजचा दर, कधीपासून. बिहारच्या मुलांना हिंदीत द्या आणि विजापूरच्यांना कन्नडमध्ये, वाचून दाखवा. मसुदा हवा असेल तर सांगा, मी इथेच टाकते.

---

कृष्णाकाठचा_ठेकेदार

हो ताई, टाका. कन्नडचं भाषांतर आमच्या इथले एक मास्तर करून देतील, ते पण इथंच टाकतो म्हणजे दुसऱ्या कुणाला लागलं तर मिळेल.